शनिवारी बोंबलणारी जपानी गाडी

या, असे जवळ या. मागच्या खुर्च्यांवरच्यांनी पुढे सरकावं, चहा राहिलेल्यांनी तो संपवून यावं, आणि मोबाईल असेल तर त्याचं तोंड बंद करावं. आज देवादिकांचं आख्यान नाही. आज एका जपानी गाडीचं आख्यान सांगतो. यात समुद्रापलीकडून आलेली नायिका आहे, बाप्पांचं तेज आहे, एक गुप्तहेर आहे, आणि गुप्तहेर असूनसुद्धा शेवटी रहस्य उलगडतं.

पहिलं नमन गणरायाला. दुसरं शशिकांत खांबेटे यांना, कारण आपल्याला का नाही, याचा तपास ते नाहीतर आजच सुरू करतील.

“जयंता,” खांबेटे म्हणत, “परमेश्वराने डोळे सगळ्यांना दिले. नजर मात्र चमच्याने वाढली. माझ्या पानाशी आला तेव्हा त्याच्या हातून भांडंच उपडं झालं, त्याला मी काय करू?”

त्यांच्याकडे कार्डं होती. ‘शशिकांत खांबेटे, खाजगी अन्वेषक. गूढ घटना, बेपत्ता वस्तू व मांजरं.’ खाली फोन नंबर, आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘दुपारी दोन ते चार करू नये’. निवृत्तीपूर्वी एकवीस वर्षं ते इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या कौन्सिलमध्ये होते. पार्किंग खात्यात. ऊन असो, पाऊस असो, चुकीच्या जागी उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या काचांवर दंडाची चिठ्ठी चिकटवणे हे त्यांचं काम. एकवीस वर्षांत माणसं पळून जायची आणि गाडी तिथेच सापडायची. त्यामुळे जगात जे काही वाईट घडतं त्याच्या मुळाशी एक गाडी असते, असं त्यांचं पक्कं मत झालं होतं.

त्यांची गाजलेली केस म्हणजे महाराष्ट्र मंडळाच्या हरवलेल्या मोदकपात्राची. तीन आठवडे तपास चालला. अकरा सुगरणींच्या जबान्या झाल्या, दोघींनी मंडळ सोडलं, एकीने नवरा सोडायची धमकी दिली. शेवटी मोदकपात्र सापडलं ते खांबेट्यांच्याच माळ्यावर. “चोर इतका धूर्त होता,” ते आजही सांगतात, “की त्याने ते कुणाला संशय येणार नाही अशा घरी ठेवलं.”

आणि “जयंता, जयंता” म्हणून ज्याला हाक मारत, तो जयंत नेने त्यांचा सहायक. त्याला या पदावर कुणी नेमलं नव्हतं. तो त्यांच्या शेजारी राहत होता, एवढाच त्याचा अपराध. एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होता, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायचा. संध्याकाळी घरी आला की पारडं फिरायचं.

आता गाडी कुठून आली ते ऐका.

जयंतची बायको सुप्रभा. फेब्रुवारीत तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गुडघा नवा बसला, पण क्लच दाबायचं काही मनावर घेईना. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “यापुढे ऑटोमॅटिक गाडी.” जयंत म्हणाला, “आणि मोटरवेवर इतके मैल जायचे तर डिझेल.” झालं. सन दोन हजार सात सालच्या इंग्लंडात वापरलेली, बऱ्या स्थितीतली, डिझेल आणि ऑटोमॅटिक अशी दोन्ही असलेली गाडी मिळणं म्हणजे मुलगा डॉक्टर, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, आणि आईवडील कायम धाकट्या भावाकडे, असं स्थळ मिळण्यासारखं होतं. कुठे काहीतरी असतंच.

पण सुप्रभाला गाडी हवीच होती. मॉलसाठी नव्हे, मिरवायला नव्हे. लंडनला, ईलिंग भागात, यमुनाबाई पोंक्षे होत्या.

हे नाव ऐकून ज्यांनी हात जोडले नाहीत त्यांची चूक नाही, त्यांना माहीत नाही. बाईंनी चाळीस वर्षं कोकणात गावोगाव कीर्तनं केली. नऊवारी, गळ्यात वीणा, आणि आवाज असा की देवळाबाहेर चपला राखणारा पोरगा चपला सोडून आत यायचा. पुढे डॉक्टर मुलाबरोबर ईलिंगला आल्या आणि तिथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये शिकवू लागल्या. सुप्रभा पेटी शिकली ती त्यांच्याकडेच. आता बाई शहाऐंशीच्या. आठवण पातळ होत चाललेली. मुलगा आणि सून दोघंही हॉस्पिटलच्या पाळ्यांत, त्यामुळे बाईंना केअर होममध्ये ठेवलं होतं. मुलाचं नाव त्यांना आठवायचं नाही. पण सुप्रभाने दर शनिवारी जाऊन पेटीचा भाता उघडला की बाईंच्या तोंडून अख्खं पद, चालीसकट, तानांसकट बाहेर पडायचं.

मग गुडघा झाला आणि पाच महिने खंड पडला. पेटी चौदा किलोची. नव्या गुडघ्याने ती ट्रेनमध्ये चढवायची कशी? जयंतला शनिवारी ऑफिसची ड्यूटी. पाच महिन्यांनी मुलाने बाईंना फोनवर आणलं तेव्हा त्या सुप्रभाला म्हणाल्या, “नर्स, माझं दूध राहिलंय.”

त्या संध्याकाळी जयंतने नेटवर जपानमधले गाड्यांचे लिलाव बघायला घेतले.

नागोयाहून निघालेली गाडी सहा आठवडे समुद्रावर डुलत साउथहॅम्प्टनला लागली. पांढरीशुभ्र, आठ माणसांची, डिझेल, ऑटोमॅटिक, आणि स्टिअरिंग आपल्याच बाजूला. डॅशबोर्डवरचं सगळं लिखाण मात्र जपानीत. माहितीपुस्तकही जपानीत; ते उघडून जयंतने फक्त चित्रं पाहिली आणि आदराने कप्प्यात ठेवलं. बंदराजवळ यार्ड असलेल्या पिकरिंग नावाच्या आयात करणाऱ्याने हातात किल्ली दिली. “नो वरीज, मेट. तीस दिवस वापर. नाही आवडली तर परत आण, पैसे परत. एकतिसाव्या दिवशी मी तुला ओळखत नाही.”

गाडी आली शुक्रवारी. शनिवारी सकाळी पूजा झाली. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक, नारळ फोडताना शेजारच्या इंग्रज आजोबांनी पोलिसांना बोलवावं की डॉक्टरांना याचा विचार केला. डॅशबोर्डच्या मधोमध थोडी सपाट जागा होती, तिथे सुप्रभाने दोन्हीकडून चिकटणारी टेप लावून बोटभर उंचीचे गणपती बसवले. मग पेटी आणली.

आता कीर्तनकाराच्या घरची एक रीत असते. वाद्य म्हणजे सरस्वती. ते डिकीत टाकायचं नाही, पायाशी ठेवायचं नाही, त्यावर पिशवी ठेवायची नाही. यमुनाबाईंच्या शिष्यांकडे पेटी मानाने बसते. तेव्हा पुढच्या सीटवर धुतलेली शाल घातली, शालीवर पेटी विराजमान झाली, आणि त्या गाडीसाठी आठवडाभर रात्री जागलेला जयंत मुकाट्याने मागे जाऊन बसला. त्या पहिल्या शनिवारी त्याने मुद्दाम सुट्टी काढली होती.

गाडी सुरू झाली, आणि टुंग. टुंग. टुंग.

“हे काय?” सुप्रभा म्हणाली.

“जपानी शुभेच्छा असतील,” जयंत म्हणाला.

शुभेच्छा ईलिंग येईपर्यंत थांबल्या नाहीत. आणि नवल म्हणजे, बाप्पांच्या मागून तांबूस प्रकाश येत होता. मुकुटाभोवती मंद लाल वलय. सुप्रभाने एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्याने नमस्कार केला.

रविवारी गाडी चिडीचूप. तेज नाही, टुंग नाही. सोमवारी जयंत ऑफिसला घेऊन गेला, गप्प. गॅरेजवाल्याने वर उचलून, खाली वाकून, हलवून पाहिली, गप्प. पुढच्या शनिवारी सुप्रभा एकटीच पेटी घेऊन निघाली आणि पुन्हा टुंग टुंग टुंग. तिसऱ्या शनिवारी तेच, चौथ्या शनिवारी तेच.

जयंतची झोप उडाली. टेस्टर माणूस, त्याला एक गोष्ट ठाऊक होती. रोज दिसणारा बिघाड बरा, आठवड्यातून एकदा दिसणारा फार वाईट. ब्रेकचं असेल तर? गिअरबॉक्सचं असेल तर? बायको एका नव्या गुडघ्यानिशी मोटरवेवर, आणि गाडी सतत काहीतरी सांगतेय जे कुणालाच कळत नाही.

“परत देऊन टाकू,” तो म्हणाला. “पाचवा शनिवार म्हणजे तिसावा दिवस. दुसरी मागवू.”

“दुसरी कधी येईल?”

“शोधायची, मग जहाज, मग कागदपत्रं. चार महिने धर.”

सुप्रभाने हातातलं लाटणं खाली ठेवलं. “जयंत, पहिल्या शनिवारी बाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. दुसऱ्या शनिवारी त्यांचा अंगठा तालावर हलला. तिसऱ्याला गुणगुणल्या. आणि परवा, अरे परवा मला म्हणाल्या, ‘सूर चढला गं तुझा, खाली ये.’ मला रागावल्या त्या! तुझ्याकडे चार महिने आहेत. माझ्याकडे पण आहेत. बाईंकडे नाहीत.”

 त्यावर जयंतने आयुष्यातली सर्वात मोठी चूक केली. तो कुंपणापाशी जाऊन म्हणाला, “शशीकाका, जरा येता का?”

खांबेटे आले. भिंग, हातमोजे, आणि जुनी कौन्सिलची वही घेऊन आले. गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. टायरचा वास घेतला.

“जयंता, ही गाडी काहीतरी लपवतेय.”

“ते कशावरून, काका?”

“उभी बघ कशी आहे. दोन्ही पांढऱ्या रेघांच्या बरोब्बर मध्ये. निरपराध गाडी अशी कधी उभी राहत नाही.”

सोमवारचा पहिला सिद्धांत कुळगोत्राचा. “डिझेल हा मेहनती, घाम गाळणारा स्वभाव. ऑटोमॅटिक म्हणजे आयतं खाणारं. असे दोघे एका बॉनेटखाली नांदायचे कसे? आठवडाभर दबून राहतात आणि शनिवारी भांडण बाहेर येतं. सगळ्याच घरांत येतं.”

“पण काका, गॅरेजवाला म्हणाला इंजिन उत्तम आहे.”

“बाहेरच्या माणसासमोर कोण भांडतं?”

मंगळवारी प्रयोग झाला. जयंत चालवायला, खांबेटे शेजारी, बेल्ट लावून, डोळे मिटून. गाडी गप्प. बुधवारी सुप्रभा चालवायला, खांबेटे पुन्हा शेजारी, बेल्ट लावून. गाडी गप्प. खांबेट्यांनी वहीत लिहिलं, ‘संशयित मला ओळखतो.’

“सराईत आहे,” ते खाली उतरून म्हणाले. “मी बसलो की श्वाससुद्धा घेत नाही.”

“तुमचा दबदबाच तसा आहे, काका,” सुप्रभा म्हणाली. ती हे कोणत्या सुरात म्हणाली ते खांबेट्यांना कळलं नाही, आणि म्हणून ते दिवसभर खूश होते.

गुरुवारी त्यांनी डाव्या दाराचं आतलं कव्हर उघडलं. जयंत “अहो काका, गॅरंटी” म्हणेपर्यंत चार स्क्रू गवतात गेले होते. आत तीन वस्तू मिळाल्या. मध्ये भोक असलेलं एक जपानी नाणं, केसाची एक पिन, आणि वाळलेला भाताचा दाणा. खांबेटे भिंग लावून अर्धा तास त्या दाण्याकडे बघत बसले.

“चित्र स्पष्ट आहे,” ते उठले. “मूळ मालकीण. वय पंचावन्न, डावखुरी, दातांची डॉक्टर. नवऱ्याशी पटत नाही.”

“भाताच्या दाण्यावरून?”

“दाणा अर्धाच चावलाय. शनिवारी दवाखाना अर्धा दिवस. बाई घाईत डबा खात गाडी चालवायची. गाडीला ती सवय लागली. आता शनिवार आला की तिला वाटतं डबा का नाही. ते टुंग टुंग म्हणजे भूक आहे, जयंता. निव्वळ भूक.”

जयंतने दाराचं कव्हर परत बसवायला घेतलं. एक स्क्रू आजही त्या गवतात आहे.

इकडे दुसऱ्याच आघाडीवर युद्ध पेटलं. सुप्रभाने भोळेपणाने लाल वलयाची गोष्ट मंडळाच्या सेक्रेटरी रश्मी गोडबोले यांना फोनवर सांगितली होती. गुरुवारी रात्री मंडळाच्या ई-मेल ग्रुपवर निरोप आला. ‘रीडिंगमध्ये बाप्पांचं तेज! दर शनिवारी दर्शन. कृपया रस्त्यावर पार्किंग करताना परमिट बघावे.’

शुक्रवारी संध्याकाळी सात बायका आणि दोन नवरे आरतीचं ताट घेऊन दारात हजर. सुप्रभाने गाडी सुरू केली. तेज नाही. बंद करून पुन्हा सुरू केली. तेज नाही.

“आज शुक्रवार आहे,” एक नवरा म्हणाला. त्याला गप्प बसवण्यात आलं.

“श्रद्धा कमी पडतेय कुणाची तरी,” रश्मीताई म्हणाल्या आणि थेट खांबेट्यांकडे पाहिलं.

“बाई, हा गुन्ह्याचा तपास आहे. आरती बाजूला घ्या, पुरावे पुसले जातात.”

“पुरावे? देवाचे पुरावे मागता?”

“देवाचे नाही, गाडीचे मागतोय. देव चुकीच्या जागी उभा राहिलेला मी एकवीस वर्षांत पाहिला नाही.”

श्रोतेहो, हसू नका. आपल्यातही हे दोघे असतातच. एकाला जे दिसतं त्यात देव दिसतो, दुसऱ्याला जे दिसतं त्यात चोर दिसतो. समोर काय आहे ते पाहायला तिसराच कुणीतरी लागतो, आणि तो बहुधा स्वयंपाकघरात कामात असतो.

उजाडला शनिवार. तिसावा दिवस.

ठरलं असं, की आधी ईलिंगला जायचं, बाईंना शेवटचं पद ऐकवायचं, आणि तिथून तसंच साउथहॅम्प्टन गाठून पाचच्या आत गाडी पिकरिंगच्या हवाली करायची. परतीचं ट्रेनचं तिकीट जयंतच्या खिशात होतं. सुप्रभाने सकाळपासून एकच वाक्य उच्चारलं होतं, “शाल धुतलेली आहे का बघ.” शालीवर पेटी बसली. पुन्हा सुट्टी काढलेला जयंत मागे, शेजारी खांबेटे थर्मामीटर घेऊन.

टुंग. टुंग. टुंग. बाप्पांच्या मागे लाल वलय उमटलं.

“आली! आली तोंडावर!” खांबेटे ओरडले. “तापमान एकवीस. वेग शून्य. आकाश ढगाळ. लिही, जयंता.”

मोटरवेवरच्या सर्व्हिसेसपाशी, म्हणजे चहापाण्याच्या थांब्यापाशी, त्यांनी गाडी थांबवायला लावली. “आता निर्णायक प्रयोग. सुप्रभा, ती पेटी मागे दे. पुढे मी बसतो.” पेटी मागे गेली, जयंतच्या मांडीवर. खांबेटे पुढे बसले, बेल्ट लावला. गाडी सुरू. शांत. तेज मावळलं. खांबेटे मागे गेले, पेटी पुढे आली. गाडी सुरू. टुंग टुंग टुंग.

“काका,” जयंत हळूच म्हणाला, “पण आपण एका वेळी दोन गोष्टी बदलल्या. तुम्ही पुढे आलात, आणि पेटी...”

“तपासात सहायकाने बोलू नये.”

“नाही, आमच्याकडे नियम आहे, एका वेळी एकच...”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पिकरिंग होता. यार्ड आज पाचऐवजी चारला बंद होणार, येताय ना? जयंतच्या डोक्यात आलेला अर्धा विचार तिथेच विझला.

खांबेट्यांनी मात्र निकाल दिला. “केस संपली. गाडी मला घाबरते. परत देण्याची गरज नाही. उपाय सोपा आहे. दर शनिवारी, ही गाडी जिवंत असेपर्यंत, पुढच्या सीटवर मी बसेन.”

सुप्रभाने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. “त्यापेक्षा टुंग टुंग बरं, काका.”

ईलिंगच्या केअर होममध्ये बाई खिडकीशी बसल्या होत्या. पांढरा अंबाडा, अंगात होमचा निळा कार्डिगन, आणि कपाळावर कुणी तरी प्रेमाने जरा तिरकंच लावलेलं कुंकू. सुप्रभाने भाता उघडला. पहिल्या सुराला बाईंची मान हलली. दुसऱ्या ओळीला त्यांनी सुप्रभाच्या हातून पद काढून घेतलं आणि स्वतःच पुढे नेलं. आवाज कापत होता, पण सम अशी आली की चहाचा ट्रे नेणारी मुलगी दारात थबकली. मागे खुर्चीवर खांबेटे बसले होते. त्यांनी भिंग खिशात ठेवलं, आणि काही न लिहिता वही मिटली. हीसुद्धा त्या दिवसातली नोंद घेण्यासारखी घटना आहे.

“बाई,” सुप्रभा निघताना म्हणाली, “आता थोडे दिवस यायला जमायचं नाही मला.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “तू कुणाची गं?”

सुप्रभाने मान फिरवली. जयंतने पेटी उचलली.

बाईंना निरोप द्यायला दारापर्यंत यायचं होतं, पाहुण्याला दारापर्यंत पोचवायची सवय अजून शिल्लक होती. सुप्रभाने चाकांच्या खुर्चीतून त्यांना बाहेर आणलं, गाडीच्या अगदी दाराशी. जयंतने पेटी शालीवर ठेवली. खांबेटे मागे चढले. सुप्रभा चालवायला बसली, डोळे पुसले, गाडी सुरू केली.

टुंग. टुंग. टुंग.

बाईंनी कान टवकारले. “काळी दोन,” त्यांनी टुंगचा सूर ओळखला. मग उघड्या दारातून त्यांनी पेटीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहराच बदलला. चाळीस वर्षं गावोगाव फिरलेल्या बाईचा चेहरा झाला.

“अगो, पेटी सुटी ठेवलीस?”

“हो बाई. पण शाल घातलीय खाली.”

“शालीला काय विचारतो घाट! उतारावर पेटी तुझ्याआधी पोचेल. दोन सूर निखळले होते माझे, गगनबावड्याच्या वळणावर. तेव्हापासून एसटीच्या टपावर असो की बैलगाडीत असो, आधी पेटी बांधायची, मग आपण बसायचं. दोर कुठाय?”

दोर नव्हता. पण सीटच्या बाजूला काळा पट्टा लोंबत होता. बाईंनी खुर्चीतून वाकून तो धरला, सराईत हाताने पेटीवरून ओढून घेतला, आणि गाठ मारायला टोक शोधू लागल्या. टोक सापडेना. बोटं खाचेपाशी गेली, कडी खाचेत सरकली.

खट.

आणि शांतता. अशी शांतता, की केअर होमच्या बागेतलं कबूतरसुद्धा ऐकू यावं. बाप्पांच्या मागचा लाल प्रकाश विझला.

“एक मिनिट,” खांबेटे म्हणाले. “कुणीही हलू नका.”

जयंतने वाकून बटण दाबलं. पट्टा सुटला. टुंग. पट्टा लावला. शांत. सोडला, टुंग. लावला, शांत. असं त्याने सात वेळा केलं, कारण टेस्टरला सहा वेळांत समाधान होत नाही. मग त्याने बाप्पांना नमस्कार करून टेप जरा उचलली. गणपतीच्या आसनामागे झाकलेला एक छोटा दिवा होता. दिव्यावर चित्र. एक माणूस बसलेला, आणि त्याच्या छातीवरून गेलेला तिरका पट्टा.

“चौदा किलो,” जयंत स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “गाडीला वाटलं, कुणी माणूस बसलंय. बेल्ट न लावता.”

सुप्रभा हसायला लागली. हसता हसता पुन्हा रडायला लागली. “म्हणजे बाप्पा महिनाभर लाल होऊन होऊन हेच सांगत होते. आणि आपण त्यांची आरती करत बसलो.”

“माझा पहिलाच अंदाज बरोबर ठरला,” मागून खांबेट्यांचा आवाज आला. “गाडीत एक प्रवासी होता, जो कायदा मोडत होता. फक्त तो कोण, एवढाच तपशील बाकी होता.” त्यांनी वही काढली आणि पेटीला बेल्ट न लावल्याबद्दल समज देऊन सोडत असल्याची नोंद केली.

जयंतने पिकरिंगला फोन लावला. “नाही येत आम्ही. गाडी ठेवतोय.”

“सापडला बिघाड?”

“सापडला.”

“काय होतं?”

जयंतने पेटीकडे पाहिलं, मग चाकांच्या खुर्चीतल्या, पट्ट्याची ओढ दोन बोटांनी तपासणाऱ्या बाईंकडे. “आमचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं,” तो म्हणाला. पिकरिंगने नो वरीज म्हणून फोन ठेवला.

सुप्रभा त्यानंतर दर शनिवारी गेली. दिवाळीत गेली, बर्फात गेली. बाईंची आठवण काही परत आली नाही, अशा गोष्टी परत येत नसतात. कधी सुप्रभा त्यांना भाची वाटायची, कधी नर्स, कधी कुणीच नाही. पदं येत राहिली, मग पदांच्या ओळी येत राहिल्या, मग नुसता ठेका. पण निघताना दारापर्यंत यायच्या आणि विचारायच्या, “पेटी बांधलीस?” सुप्रभा म्हणायची, “बांधली, बाई.” “मग जा हो. सांभाळून जा.” पुढच्या श्रावणात, एका सोमवारी, बाई गेल्या.

तर श्रोतेहो, शशिकांत खांबेट्यांची आठवण ठेवायचे कष्ट तुम्ही घेऊ नका, ते भेटतील तिथे कार्ड देतील. तुम्ही आठवण ठेवा यमुनाबाई पोंक्ष्यांची. आज घरी जाताना गाडीत बसाल, खट असा आवाज होईल, तेवढ्या क्षणापुरतं त्यांचं नाव घ्या. त्यांच्याकडे शेवटी कुणाचंच नाव राहिलं नव्हतं. त्यांचं आपण राखू.